मागच्या सीटवर कोण बसतं?

"बाबा, गाडी थोडी लो करायची आहे," असं मुलगा म्हणाला की आपल्या घरांत सहसा दोनच उत्तरं मिळतात. "चांगल्या गाडीचं वाटोळं करू नकोस," हे एक. "तुझ्या पैशाने काय हवं ते कर," हे दुसरं. पालकहो, या दोन्ही उत्तरांबद्दल मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे. पहिल्या उत्तराने मुलगा थांबत नाही. एखाद्या रविवारी तो मित्राच्या ओळखीच्या गॅरेजात जातो, दोन तासांत स्प्रिंगा कापून घेतो आणि संध्याकाळी गाडी सोसायटीच्या मागच्या गेटाशी लावतो. दुसरं उत्तर मिळालं तर तो तेच उजळ माथ्याने करतो. दोन्ही वेळा निर्णय एकट्या त्याचा असतो आणि गाडी मात्र सगळ्या घराची असते.

मी वाशीत राहते, सस्पेन्शनच्या कामातली इंजिनिअर आहे, आणि गाडी खाली बसवण्याच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट कमी झाली की गाडी देखणी दिसते. वजनाचा मध्य खाली आल्याने ती वळणावर कमी कलते, हेही खरं आहे. पामबीच रोडवर अशा स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे कुणाची तरी कित्येक महिन्यांची शिल्लक आणि खूप वाचन असतं. स्प्रिंग रेट, ऑफसेट, डॅम्पिंग या गोष्टी ही पोरं शिकवल्याशिवाय शिकलेली असतात. त्यांच्या या शिकण्याला घरात 'नसते उद्योग' म्हटलं जातं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

पण त्यांच्या अभ्यासात एक जागा जवळपास नेहमी रिकामी राहते, आणि ती भरायला तुम्हीच हवे आहात. पुढच्या चाकांवर मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन असतं. ते रोज जवळपास तेवढंच. मागच्या चाकांवरचं वजन मात्र माणसागणिक बदलतं. मुलगा एकटा गाडी चालवतो तेव्हा मागे कुणीच नसतं. रविवारी आजी, आत्या आणि धाकटी बहीण बसतात. गणपतीला कोकणात किंवा जत्रेला साताऱ्याकडे निघताना डिकी झाकण लागेपर्यंत भरलेली असते. त्यातून आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर. पोलादी टाकीचं साठेक किलो वजन कायमचं मागच्या चाकांवर बसलेलं असतं. मुलगा मागच्या सस्पेन्शनचा विचार करतो तो रिकाम्या गाडीचा. भरलेली गाडी तुम्हाला माहीत आहे.

थोडं गणित करू. ते मुलाबरोबर कागदावर करण्यासारखं आहे. समजा, मागची एक स्प्रिंग दर दोन किलो वजनाला एक मिलिमीटर दबते आणि रिकाम्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, 90 मिलिमीटर जागा आहे. माणसं आणि सामान मिळून मागच्या प्रत्येक चाकावर 120 किलो वाढले, तर स्प्रिंग 60 मिलिमीटर दबेल. खड्ड्यासाठी 30 उरतील. कंपनीने ठेवलेली शिल्लक ती हीच. आता स्प्रिंग कापून गाडी 40 मिलिमीटर खाली आणली. जागा उरली 50. वेटोळी कमी झाल्याने स्प्रिंग थोडी कडक होते, समजा मिलिमीटरला 2.3 किलो. तेच 120 किलो तिला 52 मिलिमीटर दाबतात. म्हणजे गाडी उभी असतानाच रबरावर टेकली! मग शीव-पनवेल महामार्गावर पावसाळ्यात जे खड्डे लागतात, त्यांतला प्रत्येक हादरा रबरातून थेट बॉडीत आणि तिथून आजीच्या कमरेत जातो. शिवाय वळणावर मागची बाहेरची बाजू अचानक टणक झाली की मागचं चाक पकड सोडायला लागतं. मुलगा म्हणेल, "एकटा असताना तर मस्त चालते." तो खोटं बोलत नसतो.

तेच जर केवळ 25 मिलिमीटर खाली आणणारी, त्या गाडीसाठीच बनवलेली, मिलिमीटरला 2.7 किलोची स्प्रिंग घेतली, तर जागा 65 उरते, स्प्रिंग 44 दबते आणि खड्ड्यासाठी 21 शिल्लक राहतात. कडक स्प्रिंगेला तेवढ्यात निभावता येतं. पंचवीस आणि चाळीस यांच्यात उभ्या गाडीत जो फरक दिसतो, तो दोन बोटांपेक्षाही कमी असतो. भरलेल्या गाडीत मात्र तोच फरक सस्पेन्शन असणं आणि नसणं इतका मोठा होतो.

हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक गाडीचे वेगळे निघतील. ते काढायचे कसे? एपीएमसीच्या ट्रकांमुळे आपल्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. एक दिवस सगळं कुटुंब गाडीत बसा, गावाला जाताना नेता तेवढं सामान डिकीत टाका आणि काट्यावर जा. आधी सगळी गाडी तोला, मग पुढची चाकं काट्याखाली उतरवून फक्त मागची दोन तोला. नंतर मुलाला एकट्याला हेच करायला सांगा. दोन्ही वेळा मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. या चार-सहा आकड्यांवरून कोणताही समजूतदार मेकॅनिक सांगू शकेल, तुमच्या गाडीला मागे काय झेपेल. दुकानदारापुढे हा कागद ठेवला की त्याचं बोलणंही बदलतं.

आता स्प्रिंगा कापण्याबद्दल, कारण खर्च सर्वांत कमी म्हणून तोच मार्ग सर्वांत जास्त निवडला जातो. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी यांसारख्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो: दोन्ही चाकांना जोडणारी एक पिळली जाणारी तुळई. तिच्यावर स्प्रिंग वेगळी बसते आणि शॉकअप वेगळा. स्प्रिंगेला वर-खाली बसायला फक्त वाट्या असतात. तिला जागेवर धरून ठेवतं ते गाडीचं वजन. गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लोंबतं, तेव्हा ते किती लोंबावं हे शॉकअपची लांबी ठरवते. कापलेली स्प्रिंग तेवढी लांब उरलेली नसेल तर ती त्या क्षणी वाटीत सैल होते आणि परत वजन आलं की तिरकी बसू शकते. मागून 'टक टक' आवाज येत असेल तर मुलाला रागावू नका, आधी गाडी जॅकवर उचलून स्प्रिंग हाताने हलते का पाहा. गॅस कटरने कापलेल्या स्प्रिंगेत आणखी एक दोष असतो. त्या आचेने पोलादाचा कस जातो आणि ती पुढे त्याच जागी तुटू शकते. या एका बाबतीत तुम्ही ठाम नकार द्या. कारण समजावून दिलेला नकार मुलं स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे.

मग घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर पहिला खर्च शॉकअपवर करा, स्प्रिंगांवर नंतर. गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली असेल तर मागचे शॉकअप बहुधा थकलेले असतात, आणि घरात कुणाला ते जाणवलेलंही नसतं, कारण ते हळूहळू थकतात. मागचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेले. गॅब्रिएल इंडिया 1961 पासून आपल्याकडे शॉकअप बनवते आहे, चाकणला आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. कंपनीच्या मापाचे नवे चांगले शॉकअप आणि बीमचे दोन नवे बुश (सांध्यांतली रबरं) एवढ्यानेच गाडी किती आवरल्यासारखी चालते, हे अनुभवून कित्येक मुलं लोअरिंगचा विषय सहा महिने पुढे ढकलतात. आणि पुढे स्प्रिंगा बदलल्याच, तर त्या कडक स्प्रिंगेची उसळी आवरेल असा शॉकअप लागतो. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या स्प्रिंगेसाठी जुळवलेला असतो. 25 मिलिमीटरपर्यंत चांगल्या स्थितीतला तो निभावून नेतो. त्याहून खाली जायचं तर आखूड बॉडीचा, जास्त आवर घालणारा शॉकअप हवा, आणि तो स्प्रिंगेसोबत एकाच संचात घेतलेला बरा.

कॉइलओव्हरचं, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाचं, आकर्षण मुलांना फार असतं. उंची आट्यांवर फिरवून कमी-जास्त करता येते, डब्यावर '6 के', '8 के' असं लिहिलेलं असतं. म्हणजे मिलिमीटरला सहा किंवा आठ किलो. आपल्या नमुन्याच्या गाडीच्या स्प्रिंगेशी ताडून पाहा, तिप्पट-चौपट कडक. ट्रॅकवर ते शोभतं. रोज वाशीहून बीकेसीला जाणाऱ्या, डांबराचे थर आणि पेव्हर ब्लॉक तुडवणाऱ्या गाडीला ते मानवत नाही. त्यात आपण खाडीकाठी राहतो. दमट हवा, पावसाळ्याचे चार महिने आणि चिखल यांत ते आटे धरून बसतात, आणि मग उंची बदलण्याची जी सोय म्हणून पैसे दिले तीच उरत नाही. घेतलेच तर मऊ रेटचे घ्या, आट्यांवर जॅकेट चढवा आणि दर पावसाळ्याआधी-नंतर साफ करून ग्रीस लावा.

मागची स्प्रिंग मग अगदी मऊच ठेवावी का, असं एखादी आई विचारेल. तसंही नाही. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने यावर मूलभूत काम केलं. उंचवट्यावर आधी पुढचं चाक चढतं, मागचं थोड्या वेळाने. आपल्या छोट्या गाडीत ताशी 60 च्या वेगाला साधारण सेकंदाचा सातवा हिस्सा नंतर. मागची बाजू पुढच्यापेक्षा संथ डोलणारी असेल तर दोन्ही टोकांचा ताल चुकत जातो आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे झुलते. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद असेल तर ती पुढचीला गाठते आणि सगळी गाडी एकसंध वर-खाली होऊन शांत होते. मागे बसून उलटी होणाऱ्या लेकरांचं बरंचसं दुःख या हिशेबात आहे. 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा. पुढे हात न लावता मागेच खूप कडक स्प्रिंग टाकली, की रिकाम्या गाडीत मागचं चाक खड्ड्यांवरून उड्या मारत जातं. म्हणून चारही स्प्रिंगा एकाच संचातल्या घ्याव्यात.

मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारी सळई, हे मुलांच्या यादीतलं पुढचं नाव. बीमखाली चार बोल्टांनी बसतो, फार महाग नसतो, आणि गाडी वळणात लगेच तोंड फिरवायला लागते. नेमकी तीच माझ्या काळजीची गोष्ट आहे. आपल्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या कंपनीने मुद्दाम अशा जुळवलेल्या असतात, की पकड सुटलीच तर आधी पुढची चाकं सरकावीत. घाबरून पाय उचलला तरी गाडी सावरते. मागे जाड बार टाकला की हा क्रम उलटण्याकडे झुकतो. वाशीपासून बेलापूरपर्यंत पामबीचचे सुमारे दहा किलोमीटर, रुंद, लांबलचक बाक असलेले, आणि वर जुलैचा पाऊस. तिथे वेगात असताना मध्येच पाय उचलला तर मागची बाजू बाहेर फेकली जाऊ शकते, आणि ती सावरायला जो हात लागतो तो नव्या चालकाला नसतो. ज्याने अजून तीन-चार पावसाळे गाडी चालवलेली नाही, त्याच्या गाडीत हा बार नको. माझ्या घरात मी हेच सांगेन.

विक्रेता आणखी एक वस्तू सुचवतो: ॲडजस्टेबल कॅम्बर आर्म. ज्या गाड्यांना मागे मल्टिलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांवर आहे, तिथे गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेला झिजतो. तिथे हे आर्म उपयोगाचे, आणि नंतर टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, नीट लावून घेणं त्याहून गरजेचं. टॉर्शन बीमच्या गाडीत असे आर्मच नसतात. 'मागचं कॅम्बर सेट करून देतो' असं कुणी सांगितलं, तर आधी गाडीखाली वाकून मागे काय आहे ते बघा.

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत एक फार नाजूक गोष्ट असते, आणि पहिली जुनी गाडी हौसेने घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला नेमक्या याच गाड्या येतात. तिथे मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, आणि तो मागच्या ॲक्सलला एका दांडीने किंवा छोट्या स्प्रिंगेने जोडलेला असतो. बॉडी खाली आली की व्हॉल्व्ह समजतो, गाडीत माणसं भरली आहेत, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी खाली बसवून हा व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. मेकॅनिकला या व्हॉल्व्हबद्दल विचारा. उत्तर देताना तो गोंधळला, तर गाडी त्याच्याकडे देऊ नका.

गतिरोधकांबद्दल एक बारकावा सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसने गोल गतिरोधकाचं माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असं सांगितलं आहे. या मापावर छोट्या गाडीची पुढची-मागची दोन्ही चाकं एका वेळी चढलेली असतात, त्यामुळे पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा लागते. पण सेक्टरांच्या आतल्या गल्ल्यांत जे अरुंद, उभे उंचवटे असतात, ते दोन चाकांच्या मधून आरपार जातात. तिथे पूर्ण उंचीएवढी जागा लागते. पोटाखाली साधारण 165 मिलिमीटर जागा असलेली गाडी 40 खाली आणली आणि माणसांनी मागे 50 दाबली, तर मागे 75 उरतात. नव्या इमारतींच्या पोडियम पार्किंगचा रॅम्प वेगळाच. आपल्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा मुलाला टेपने मोजायला सांगा.

कायद्याची बाजू तुम्हाला माहीत असायलाच हवी, कारण गाडी बहुधा तुमच्या नावावर असते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांविषयी आहे. नोंदणीतले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम 182अ सांगतं, की परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेच्या जागी 'मालक' हा शब्द आहे, 'चालक' नाही. जमिनीपासूनची उंची आरसीवर छापलेली नसते म्हणून हे चालतं, असं मुलं सांगतात. त्या भरवशावर राहू नका. काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा आणि तिचं लेखी उत्तर जपून ठेवा. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडला, तर त्या क्षणी मुलावर कितीही रागावलात तरी उपयोग नाही. ज्याला परवानगी मिळत नाही ते करायचं नाही, इथे घासाघीस नको. तिथे उरतं ते कंपनीच्याच मापाचं काम: नवे शॉकअप, नवे बुश, चांगले टायर, नीट अलायनमेंट. तेही कमी नाही.

आणि मुलाची तहान त्याने भागली नाही तर? मग ती फार मोलाची तहान आहे, पालकहो. मुंबईत सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया हा संघ, आयआयटी बॉम्बेचा रेसिंग संघ, अशा संघांतली मुलं स्वतः गाडी आखतात, तिचं सस्पेन्शन स्वतः गणित करून बनवतात. आयआयटीचा संघ ती घेऊन इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकपर्यंत गेला आहे. स्प्रिंग रेट तोंडपाठ असणाऱ्या तुमच्या मुलाला ही वाट कुणी दाखवली आहे का? बारावीला असेल तर आजच दाखवा. आयटीआयला असेल तरी दाखवा. चांगला सस्पेन्शन फिटर मिळणं आजही अवघड आहे.

काम करायचं ठरलंच, तर पैसे अर्धे त्याचे, अर्धे तुमचे असू द्या, म्हणजे प्रश्न विचारायचा तुमचा हक्क राहतो. गॅरेजात तुम्हीही जा. बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या, जॅकवर लोंबत असताना नको. नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि वर्षात फाटतात. पुढचे दिवे आणि अलायनमेंट त्याच दिवशी तपासा, आणि स्प्रिंगा पाचशे-हजार किलोमीटर चालून बसल्या की पुन्हा एकदा. त्यानंतर पहिल्या लांब फेरीला तुम्ही मागे बसा, पुढे नको. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात देऊ नका. डाव्या-उजव्याच्या खुणा करून, तेल पुसून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना लागतील. घरात कुणाचं कमरेचं दुखणं निघालं, तर एका दुपारीत परत बसवताही येतील.